रक्तातले परके जिवाणू कोण टिपतं?

दात घासताना हिरडीतून रक्त आलं, की तोंडातले काही जिवाणू रक्तात शिरतात. निरोगी माणसात ते बहुधा काही मिनिटांत नाहीसेही होतात. लघवीवाटे नव्हे, मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण 6 नॅनोमीटरपर्यंतचेच कण सहज पार होतात आणि जिवाणू त्याच्या दीडशेपट मोठा.

ही सफाई मुख्यतः यकृत करतं. तिथून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. आतल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींना कुप्फर पेशी चिकटून असतात. ऊतींमध्ये मुक्काम करणाऱ्या भक्षक पेशींपैकी 80 ते 90 टक्के याच. मात्र पकडायला त्यांना खूण लागते: सी-3 या प्रथिनाचा तुकडा किंवा प्रतिपिंडं जिवाणूवर बसली, तरच पकड पक्की होते. मग पेशी त्याला गिळून आम्ल आणि विकरांनी पचवते.

न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनिया घडवणारा एक जिवाणू, इथे निसटतो. त्याच्या अंगावर शर्करेचं जाड आवरण असतं आणि खूण त्याखाली झाकली जाते. अशा वेळी प्लीहा, म्हणजे पाणथरी, कामी येते. वजन जेमतेम 150 ग्रॅम, पण आत रक्त संथ होतं आणि 1-2 मायक्रोमीटरच्या फटींतून त्याला वाट काढावी लागते. 7-8 मायक्रोमीटरची तांबडी पेशीसुद्धा अंग चोरूनच पार होते. अर्धवट खूण असलेला जिवाणूही इथल्या भक्षक पेशींच्या हाती लागतो. शिवाय त्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडं बनवण्यातही प्लीहेचा मोठा वाटा असतो.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेल्या, रुग्णाच्या विळ्यासारख्या पेशी नेमक्या याच फटींत अडकतात आणि प्लीहा हळूहळू निकामी होते. आपल्याकडच्या काही मुलांची प्लीहा हाताला मोठी लागते, पण तेवढ्यावरून ती काम करते असं मानू नये. रक्ताच्या स्लाइडवर तांबड्या पेशींत गोल, गडद ठिपके दिसले, तर ते प्लीहेने काढून टाकायला हवे होते असे केंद्रकाचे उरलेले अंश. वाहकांची, म्हणजे एकाच पालकाकडून ते जनुक आलेल्या एएस लोकांची, गोष्ट वेगळी. त्यांची प्लीहा सहसा शाबूत असते.

एसएस मुलांना पाच वर्षांपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस हवीच. अपघातात प्लीहा काढावी लागली, तर लस साधारण 14 दिवसांनी देतात. आणि अशा कुणाचाही ताप 38.5 अंश सेल्सिअसवर (101.3 फॅरनहाइट) गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, काही तासांत जंतुसंसर्ग जिवावर बेततो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन घ्या, मग नाशिकला निघा.