डोळ्यातलं मांस कापण्याआधी

इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि माळव्यात शेतात किंवा मंडीत आयुष्य काढलेल्यांच्या डोळ्यांत नाखूना, म्हणजे बुब्बुळावर सरकणारी मांसाची वाढ, दिसणं ही रोजची गोष्ट. त्यातला एखादाच वेगळा निघतो: कर्करोगाच्या वाटेवर असलेल्या पेशींचा. विरळ असल्यामुळेच तो नजरेतून सुटतो.

दोन्हींची जागा एकच, बुब्बुळाच्या कडेला लिम्बसवर (जिथे बुब्बुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग मिळतात), पापण्यांच्या फटीत उघड्या राहणाऱ्या भागात. कॉर्नियाच्या, म्हणजे बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, वरच्या थराला नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळ पेशी इथेच असतात, आणि अतिनील किरणं त्यांच्या डीएनएत बिघाड करतात. एचआयव्ही, एचपीव्ही (पॅपिलोमा विषाणू) आणि धूम्रपान यांचाही हात असतो. रुग्ण तरुण असेल किंवा दोन्ही डोळ्यांत अशी संशयित वाढ असेल, तर एचआयव्हीची तपासणी टाळू नये.

नाखूना सपाट, त्रिकोणी असतो आणि वर्षानुवर्षं संथ सरकतो. संशयित वाढ जेलीसारखी फुगीर दिसते, कधी तिच्यावर पांढरा खरखरीत थर असतो, आणि तिला रक्त पुरवणाऱ्या जाड, नागमोडी वाहिन्या असतात. आपल्याकडे ती तपकिरीही असू शकते. मग उगाच मेलॅनोमाची, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाची, भीती. ‘रोज बेंगॉल’ किंवा ‘लिसामाइन ग्रीन’ या रंगद्रव्यांनी कडा उठून दिसतात, पण डाग पडला म्हणजे निदान झालं असं नाही. डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी (प्रकाशाने थरांचं चित्र काढणारी तपासणी) अधिक बोलका: वरचा थर जाड व लख्ख, आणि निरोगी थराशी सीमा अचानक तुटलेली. नाखून्यात हा थर पातळच राहतो, जाडी त्याच्या खाली असते.

शस्त्रक्रियेत गाठीला चिमटा लावायचा नाही आणि पाण्याची धारही सोडायची नाही, कारण सुटलेल्या पेशी शेजारी रुजतात. भोवतालचा ३ ते ४ मिमी निरोगी भाग धरून ती अखंड काढतात. कॉर्नियावरचा थर अल्कोहोलने सैल करून सोलतात, पण खालचा बोमनचा थर खरवडत नाहीत. तोच रोगाला आत शिरू देत नाही. उरलेल्या कडा दोनदा गोठवून वितळू देतात. जखम शिवायला हत्यारं नवी घ्यायची. तुकडा कागदावर सपाट पसरून, दिशा खुणावून फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. तो गुंडाळला गेला, तर कडा स्वच्छ आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. नाखूना म्हणून कापलेलं मांसही तपासणीला पाठवायलाच हवं. ते कचऱ्यात टाकणं आम्हाला अक्षम्य वाटतं.

मोठ्या, पसरट वाढीवर औषधाचे थेंबही चालतात. १ टक्का ५-फ्लुरोयुरॅसिल दिवसातून चारदा, आठवडाभर. मग तीन आठवडे विश्रांती, असे काही फेरे. ते स्वस्त पडतं. इंटरफेरॉन अल्फा-२बी (मिलीलिटरमागे १० लाख युनिट) डोळ्याला सौम्य, पण महिनोन्‌महिने घालावं लागतं आणि २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. खरगोनहून मे महिन्यात बसने येणाऱ्याने बाटली बर्फाच्या डब्यातच न्यावी. मायटोमायसिन सर्वांत तिखट. ते मूळ पेशींनाच इजा करू शकतं, म्हणून आठवडाभर घालून आठवडाभर थांबतात आणि अश्रुनलिकेच्या तोंडाला प्लग बसवतात.

रोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत. त्या काळात दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, आणि दर वेळी वरची पापणी उलटून पाहणं.