घड्याळानं फास्टॅगमधले पैसे चोरता येत नाहीत

सिग्नलला काच पुसणारा पोरगा हातातल्या घड्याळानं फास्टॅग स्कॅन करून पैसे पळवतो, असा २०२२चा व्हिडिओ निपाणी-बेळगावकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून फिरतोय. तो साफ खोटा आहे. पोटासाठी राबणाऱ्या पोरांवर असा आळ घेणं फार वाईट.

टॅगमध्ये पैसे नसतात, बॅटरीही नसते. कोगनोळी टोलनाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि साठवलेला क्रमांक परत पाठवते. पैसे कापायची मागणी फक्त टोल, पार्किंगसारख्या नोंदणीकृत चालकांकडूनच बँकेकडे जाते. माणसाकडून माणसाकडे पैसे वळवायची सोयच यात नाही. फास्टॅगची पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं हे तेव्हाच सांगितलंय.

सांभाळायचं ते केवायसीच्या नावानं येणाऱ्या बनावट लिंकपासून. ओटीपी कुणालाच देऊ नका.