पिस्टन घेताना आधी फटीचा हिशेब

टोयोटा सुप्राच्या २जेझेड-जीटीई इंजिनाची ताकद मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावून दुपटीच्या पुढे नेणारे हौशी लोक जगभर आहेत. तीन लिटर, सहा सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, ८६ मिमी बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सिलिंडरची गोल पोकळी). मिनिटाला ७००० फेऱ्या असताना पिस्टन वरच्या टोकाहून माघारी वळतो, तेव्हाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ३००० पट असतं. त्यात टर्बोचा वाढीव दाब. कंपनीचे ओतीव पिस्टन एका मर्यादेपर्यंत हे सोसतात, त्यानंतर फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेल्या पिस्टनचा शोध सुरू होतो.

बाजारात दोन आकडे हमखास भेटतात : ४०३२ आणि २६१८. दोन्ही ॲल्युमिनियमचेच मिश्रधातू, पण ४०३२ मध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास आणि २६१८ मध्ये जवळजवळ नाहीच. सिलिकॉनमुळे धातू तापल्यावर कमी फुगतो, पण ठिसूळही होतो. इंजिन नॉक करू लागलं, म्हणजे इंधन आत अवेळी भडकून ठोके बसू लागले, तर ४०३२ तडकण्याची भीती जास्त, २६१८ मार खाऊन टिकण्याची शक्यता जास्त. हा चिवटपणा फुकट मिळत नाही. तापमान १०० अंशांनी वाढलं की ८६ मिमीचा २६१८ पिस्टन साधारण ०.१९ मिमी फुगतो, बिडाचा बोअर मात्र जेमतेम ०.०९. शिवाय पिस्टन बोअरपेक्षा कितीतरी जास्त तापतो. म्हणून थंड असताना त्याच्याभोवती जास्त फट ठेवावी लागते आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर टकटक ऐकू येते. इंजिन तापलं की ती थांबते. गाडी रोजच्या वापराची असेल तर मी ४०३२ घेईन. केवळ नाव मोठं म्हणून २६१८ घेण्यात अर्थ नाही.

पिस्टनभोवतीच्या खाचांत बसून वायू अडवणाऱ्या रिंगांचंही तसंच. वरची रिंग स्वतःच्या ताणाने फारशी दाबत नाही. जळालेला वायू तिच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. तिच्या दोन टोकांमधली फट मात्र आपल्याला ठरवावी लागते. साध्या इंजिनात ढोबळमानाने बोअरच्या ०.००४ पट, म्हणजे इथे सुमारे ०.३५ मिमी, टर्बो असेल तर ०.४७ किंवा थोडी जास्त. नेमका आकडा रिंग बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्यायचा, रिंग बोअरमध्ये सरळ बसवायची आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजत टोक घासायचं, तेही प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळं. फट जराशी जास्त झाली तर थोडा वायू निसटेल, एवढंच. कमी पडली तर तापलेली टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअर ओरबाडते आणि पिस्टनची खाच तुटते.

म्हणून ऑर्डर देण्याआधी ब्लॉक मोजून घ्या. बोअर झिजला असेल तर ८६.५ किंवा ८७ मिमीचा सेट लागेल. पिस्टन पूर्ण गोल नसतो, किंचित अंडाकृती आणि वर निमुळता असतो. त्यामुळे व्यास कुठे मोजायचा तेही बनवणाऱ्याने दिलेलं असतं. शेवटचं होनिंग, म्हणजे बोअर घासून नेमक्या मापाला आणणं, पिस्टन हातात आल्यावरच, आणि ब्लॉकवर हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट आवळून. कारण हेडचे बोल्ट घट्ट केले की बोअरचा आकार थोडा बदलतो.