जामिनावर सुटला की निर्दोष सुटला?

‘सुटला का तो?’ असं कुणी विचारलं आणि ‘हो, सुटला’ असं उत्तर आलं, तर नेमकं काय झालं ते काहीच कळत नाही. अटकेनंतर पंधरा दिवसांत जामिनावर बाहेर आलेलाही सुटलाच, आणि आठ वर्षं खटला चालून निर्दोष ठरलेलाही सुटलाच. पहिल्याच्या खटल्यात एकाही साक्षीदाराने अजून शपथ घेतलेली नसते. दुसऱ्याचा निकाल लागलेला असतो.

या गोंधळात फिर्यादीचं घर खचतं. ‘कोर्टाने सोडून दिलं त्याला’ असं म्हणून माणसं साक्षीला जायची उमेद हरवतात, आणि खटला खऱ्या अर्थाने सुरू होतो तेव्हा पुढे कुणी उरत नाही. आरोपीचंही नुकसान होतं. बाहेर आलो म्हणजे संपलं, या समजुतीने तो एक तारीख चुकवतो, मग दुसरी. पुकारा होतो, आरोपी गैरहजर, आणि वॉरंट निघतं. जामिनावर असताना सबळ कारणाशिवाय कोर्टात हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. मूळ आरोपातून उद्या निर्दोष ठरणारा माणूस या एका चुकीने पुन्हा कोठडीत जाऊ शकतो.

जामीन म्हणजे काय, हे मराठीच नीट सांगते. ‘मी त्याला जामीन राहिलो’ असं आपण म्हणतो. जामीन हा मुळात माणूस आहे, दुसऱ्यासाठी शब्द देणारा. बोलावलं की हा येईल, नाही आला तर मी भरपाई देईन, एवढाच तो शब्द. आरोपीने गुन्हा केला की नाही, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. म्हणून जामीन अर्जावर न्यायाधीश पाहतात ते असं: हा पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा नष्ट करेल का, पुन्हा तेच करेल का. गुन्हा किती गंभीर आहे आणि वरवर पाहता पुरावा कसा दिसतो, हेही बघितलं जातं, पण वरवरच. जामिनाच्या आदेशात शेवटी बहुधा लिहिलेलं असतं की ही निरीक्षणं या अर्जापुरतीच आहेत, खटला चालवताना त्यांचा प्रभाव पडू देऊ नये. बातमी वाचणाऱ्यापर्यंत नेमकी हीच ओळ पोहोचत नाही.

गैरसमजाची आणखी एक जागा म्हणजे ‘अजामीनपात्र’ हा शब्द. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्टाच्या विवेकावर असतो, इतकाच फरक.

आणि एक जामीन असा आहे की त्यात पुरावा पाहिलाच जात नाही. पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडीत पाठवल्यापासून, ठरावीक मुदतीत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर आरोपीला मागितल्यावर जामीन द्यावाच लागतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची, बाकीच्यांत ६० दिवसांची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये ही तरतूद आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम १६७ मध्ये होती. असा आरोपी बाहेर आला की गावभर बोललं जातं, ‘पुराव्याअभावी सुटला.’ हे साफ चूक आहे. पुरावा तपासला गेलेलाच नाही. तपास वेळेत पुरा झाला नाही, एवढंच घडलंय. फिर्यादीने अशा वेळी कोर्टाला दोष देण्याऐवजी दोषारोपपत्र कधी दाखल होणार, हे तपास अधिकाऱ्याला विचारावं.

निर्दोष मुक्तता या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला येते. आरोप निश्चित होतात, साक्षीदारांचा सरतपास होतो, म्हणजे त्यांना बोलावणारी बाजू प्रश्न विचारते, मग समोरच्या बाजूचा उलटतपास होतो, आरोपीचा जबाब नोंदवला जातो, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद होतो आणि मग निकाल येतो. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. ती पार पडली नाही, तर आरोपी निर्दोष. निकालपत्रात ‘संशयाचा फायदा देऊन’ असं लिहिलं असलं की लोक त्याला अर्धवट सुटका समजतात. पण फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात निर्दोष मुक्ततेच्या अशा पायऱ्या नाहीत. नोकरीतली खातेनिहाय चौकशी वेगळी चालते आणि तिथे निकालपत्रातल्या शब्दांना वजन असू शकतं, पण शिक्षेच्या दृष्टीने निर्दोष म्हणजे निर्दोष. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा नव्याने खटला भरता येत नाही. हे संरक्षण नागरिक सुरक्षा संहिता देते. वरच्या कोर्टात अपील मात्र होऊ शकतं.

मधली एक तिसरी सुटकाही आहे. दोषारोपपत्र वाचूनच न्यायाधीशांना वाटलं की यात खटला चालवण्याजोगं काही नाही, तर साक्षीपुराव्याआधीच आरोपीला आरोपातून वगळतात. वर्तमानपत्रं बहुधा यालाच ‘दोषमुक्त’ म्हणतात.

आता उलटी चूक, आणि मला ती जास्त घातक वाटते: जामीन नाकारला म्हणजे दोषी असणारच. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत १८९ माणसं गेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तोवर एकाचा कैदेतच मृत्यू झाला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यास मनाई केली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही. एकाच प्रकरणात दिसतं, की वर्षानुवर्षं आत असणं हा गुन्ह्याचा पुरावा नाही आणि निर्दोष मुक्तता हाही कधी कधी शेवटचा शब्द नसतो. गेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर मिळालेलं नाही, हेही त्याच प्रकरणाचं सत्य आहे.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेलाच नाही असे. चारांतले तीन. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्येच जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे तत्त्व मांडलं होतं. यूएपीए (दहशतवाद आणि बेकायदा कृत्यांविरुद्धचा कायदा) आणि पीएमएलए (मनी लाँडरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा) या कायद्यांनी मात्र आपापल्या क्षेत्रात ते जवळजवळ उलटं केलं आहे. मनी लाँडरिंगच्या खटल्यात सरकारी वकिलाने विरोध केला, तर आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, याबद्दल कोर्टाची जामिनाच्याच टप्प्यावर खात्री पटावी लागते. खटल्याचं काम असं जामिनाच्या अर्जावर येऊन पडणं मला चुकीचं वाटतं.

बाकी, कितीतरी जण जामीन मंजूर होऊनही आतच राहतात, कारण जामीनदार नसतो. जामीनदार आणायचा तर त्याची मालमत्ता किंवा पगार दाखवावा लागतो: सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक, कधी तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा, दाखला. १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भाऊ जामीन राहायला आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाने हे खोडून काढलं आणि रक्कम हजारावर आणून त्याला जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलका म्हणजे स्वतःच्याच सहीवर दिलेली हमी. जामीनदार लागत नाही. ऐपत नसेल तर वकिलाला हे स्पष्ट मागायला सांगावं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं, आणि कोठडीत असलेल्या प्रत्येकाला तो मोफत मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

निर्दोष ठरल्यावरही कोर्टातून लगेच निघायचं नाही. अपील झालं तर वरच्या कोर्टात हजर राहीन, असा सहा महिन्यांचा बंधपत्राचा कागद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८१ खाली द्यावा लागतो. जामीनदाराचे कागद आणि रोख भरली असेल तर ती रक्कम परत मिळण्यासाठी अर्ज करायचा. आणि निकालाची प्रमाणित नक्कल काढून ठेवायची, कारण चारित्र्य पडताळणीत किंवा पासपोर्टच्या वेळी गुन्ह्याची नोंद पुढे आली, की तिच्यासमोर ठेवायला तोच कागद लागतो.