दोन क्रॉस म्हणजे सीव्ही नव्हे

द्राक्षबागेत ओळ संपते, ट्रॅक्टर वळतो आणि मागे ओढत आणलेल्या ब्लोअरचा (फवारणी यंत्राचा) शाफ्ट दणदण वाजायला लागतो. निफाड-दिंडोरीकडचे जुने चालक पीटीओ, म्हणजे यंत्राला ताकद देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा, बंद करूनच वळतात. जास्त कोनात वळणाऱ्या ‘वाइड अँगल’ शाफ्टवाल्यांना हल्ली ती गरज पडत नाही. ‘सीव्ही’ (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे कोनातही एकसारख्या वेगाने फिरणारा सांधा) हा शब्द बागेत आला तो इथून, आणि घोळही इथलाच.

क्रॉसचा, म्हणजे अधिकाच्या आकाराच्या तुकड्याने दोन शाफ्ट जोडणारा सांधा सतराव्या शतकापासूनचा, त्याची खोडही तितकीच जुनी. शाफ्ट कोनात असला की एका फेऱ्यात पुढचा भाग दोनदा पळतो, दोनदा मागे पडतो. मिनिटाला ५४० फेरे देणाऱ्या पीटीओला ३० अंशांत एकच क्रॉस लावला, तर पुढचा वेग ४६८ ते ६२४ असा हेलकावतो. १० अंशांत हा फरक वर-खाली जेमतेम दीड-दीड टक्का, त्यामुळे ट्रकचं निभावतं.

पुढच्या चाकांनी गाडी ओढायचीही आणि वळवायचीही, तिथे मात्र निभावेना. १९२० च्या दशकात पोलादी गोळ्यांचा सांधा आला, तोच खरा सीव्ही. सांध्याच्या मर्यादेत शाफ्ट कितीही वाकले तरी गोळ्या दोघांमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, म्हणून वेग सारखा. १९५९ च्या एका छोट्या ब्रिटिश गाडीने तो घरोघरी नेला, आपल्याकडे १९८३ नंतर तो सर्रास दिसू लागला. वळताना कटकट आली की ‘एक्सल गेला’ म्हणतात. बहुतेक वेळा आधी रबरी बूट फाटलेला असतो, ग्रीस उडालेलं असतं आणि आत माती गेलेली असते.

आता घोळाकडे. दोन टोकांना दोन क्रॉस असलेला कुठलाही शाफ्ट ‘सीव्ही’ म्हणून विकला जातो. दोन्हीकडचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आणि दोन्ही कोन सारखे असतील, तरच पहिल्याचा हेलकावा दुसरा खातो. मधला दांडा तेव्हाही हेलकावतच असतो. वळणावर कोन सारखे राहत नाहीत. ग्रीस भरायला दांडा ओढून काढला आणि परत बसवताना योक तिरके बसले, तर हेलकावे मिटायचे सोडून वाढतात. याला सीव्ही म्हणणं मला तरी पटत नाही.

दोन क्रॉस एकाच घरात पाठीला पाठ लावून, मध्ये केंद्र धरणारी चकती दिली, तर गोष्ट वेगळी. हाच वाइड अँगलचा सांधा. काटेकोर हिशेबाने तोही प्रत्येक कोनात अगदी सारखा फिरत नाही, पण जवळ जातो. थोडा वेळ ८० अंशांपर्यंत वळणही सोसतो. त्याला सीव्ही म्हणायला हरकत नाही. फक्त तो बहुधा एकाच टोकाला, ट्रॅक्टरकडे असतो. ब्लोअरकडे साधाच क्रॉस असतो आणि त्या बाजूला शाफ्ट जवळपास सरळच ठेवावा लागतो.