हेम्पचे लाडू, चटणी, चिक्की विकायचीय? फूड लायसन्सचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

हेम्प म्हणजे भांग-गांजाचंच झाड, आणि त्याच्या बियांचे पदार्थ भारतात कायदेशीर आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) हेम्पचं बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ अन्नपदार्थ म्हणून मान्य केलं आणि त्यांची मानकंही ठरवून दिली. कुमाऊंत भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात. सरकारी कागदावर ती जरा उशिरा आली, इतकंच. तरीही बचत गटांचे आणि घरगुती उद्योगांचे अर्ज परत येतात. फॉर्म कठीण नाही. अडतं ते ठरावीक ठिकाणी, आणि तिथेच पुन्हा पुन्हा अडतं.

पात्र काय, अपात्र काय

झाड एकच असलं तरी कायद्याला त्याचे तीन भाग दिसतात आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

बी हा अन्नाचा विषय, म्हणजे एफएसएसएआय आणि राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन). पानाला, म्हणजे भांगेला, १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या व्याख्येतून वगळलंय, पण म्हणून ती मोकळी नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा तिच्यावर लागतो आणि परवानगी राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे मागावी लागते. होळीच्या थंडाईत चालते म्हणून वर्षभर लाडवात चालेल, असं समजू नका. पानापासून औषध करायचं तर आयुषचं उत्पादन लायसन्स लागतं. ‘विजया’ या नावाने मिळणारी तेलं त्या वाटेने येतात आणि ती वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. तिसरा भाग फुलोरा आणि राळ, म्हणजे गांजा आणि चरस. त्यांचा खाद्यपदार्थ करून विकायला कुठलाही अर्ज नाही. मागे लागू नका.

सीबीडी (याच झाडातलं, पण नशा न आणणारं रसायन) घातलेल्या गमीसाठी, म्हणजे चघळायच्या गोळीसाठी, कुठला फॉर्म भरायचा, असं विचारणारे पुष्कळ असतात. बियांच्या मानकात सीबीडीला किलोमागे ७५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. गमीच्या एकेका गोळीत १०–२० मिलिग्रॅम घालतात, म्हणजे किलोचा हिशेब मांडला की ती मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. बियांच्या लायसन्सवर ही गमी बसत नाही. कोणी एजंट ‘बसवून देतो’ म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

अमेरिकेतून मुलगा किंवा भाचा आजोबांच्या गुडघ्यासाठी ‘हेम्प’ लिहिलेली डबी आणतो, त्याबद्दल. तिथे २०१८ च्या कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंतच डेल्टा-९ टीएचसी (झाडातलं नशा आणणारं रसायन) असलेलं पीक हेम्प ठरलं आणि त्या फटीतून डेल्टा-८ या टीएचसीच्याच दुसऱ्या रूपाच्या गमी बाजारात आल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथेही व्याख्या आवळायचा कायदा झाला. भारतात ती फट कधीच नव्हती, कारण डेल्टा-८ एनडीपीएसच्या मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत नावानिशी आहे. डबीवर कुठल्या राज्याचा शिक्का आहे, याने मुंबईच्या विमानतळावर काही फरक पडत नाही. कुरिअरनेही मागवू नका.

गांजा-चरस घातलेल्या घरगुती ब्राउनीचंही तेच. एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा-चरसाचं कुठलंही मिश्रण आणि त्यांपासून केलेलं पेय येतं. वजन मोजताना मैदा-लोणीही धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं. चरसाचं ‘अल्प प्रमाण’ १०० ग्रॅमपर्यंत आहे, आणि तेवढं वजन तर दोन ब्राउनींचंच भरतं. कोर्टात यावर वाद घालता येतो, पण तो अटकेनंतर.

शिवाय हे खाण्यात धोका वेगळाच आहे. धुराचा परिणाम काही मिनिटांत कळतो, खाल्लेल्या टीएचसीचा कळायला अर्धा तास ते दोन तास लागतात. काहीच होत नाही म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. यकृतात टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं. घाबरणं, धडधड, उलट्या, भ्रम असं सहा-आठ तास किंवा जास्तही चालू शकतं. लहान मूल चॉकलेट समजून खाऊन बसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना खरं सांगा, म्हणजे तपासण्यांत वेळ जाणार नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी सीबीडीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मानकात बसणाऱ्या बियांनी यातलं काही होत नाही. बसतं की नाही हे ठरवतो तो लॅब रिपोर्ट, आणि सगळ्यात जास्त अडतं ते तिथेच.

लॅब रिपोर्ट

खायच्या बियांत एकूण टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको. बियांपासूनच्या पेयात तर ०.२ मिलिग्रॅम. आणि लोक रिपोर्ट आणतात तो ‘टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी, समाधानकारक’ असा. पुरवठादारानेच दिलेला असतो आणि बिचाऱ्यांना वाटतं, झालं काम. ०.३ टक्के म्हणजे किलोमागे ३,००० मिलिग्रॅम. अन्नाच्या मर्यादेच्या ६०० पट! ती टक्केवारी शेतातल्या पिकासाठी आहे. उत्तराखंडसारखी राज्यं लागवडीची परवानगी देताना ती लावतात. तुमच्या चटणीशी तिचा संबंध नाही.

दुसरी चूक याहून फसवी आहे. रिपोर्टवर ‘आढळलं नाही’ लिहिलेलं असतं, पण यंत्राला किती बारीक मोजता येतं ते खालच्या ओळीत असतं. ती मोजणीची किमान पातळी ०.०५ टक्के असेल तर ५०० मिलिग्रॅमच्या खालचं काही त्या लॅबला दिसलंच नाही. हा रिपोर्ट ५ मिलिग्रॅमबद्दल काहीच सांगत नाही. नमुना देण्याआधीच लॅबला विचारा: निकाल मिलिग्रॅम प्रति किलोत देणार का, टीएचसीबरोबर त्याचं आम्लरूपही धरून ‘एकूण’ आकडा देणार का, आणि किमान पातळी ५ च्या बरीच खाली आहे का. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची आणि एफएसएसएआयच्या यादीतली हवी. परदेशी विक्रेत्याचं रंगीत प्रमाणपत्र फाइलीत ठेवा हवं तर, उपयोग नाही.

बियांत मुळात टीएचसी नसल्यात जमा असतं. ते येतं बाहेरून, फुलोऱ्याची राळ टरफलाला चिकटून. म्हणून सोललेलं, स्वच्छ केलेलं बी घेतलं तर रिपोर्ट पास व्हायची शक्यता जास्त. स्वस्त, धुळकट माल घेऊन मग लॅबला शिव्या देणारे आहेत.

बी आणलं कुठून

हा कागद फॉर्मच्या यादीत नावानिशी दिसत नाही, म्हणून कोणाकडे नसतो. तपासणीला आलेला अधिकारी मात्र पहिल्यांदा हाच मागतो. आणि का मागू नये? परवानगीशिवाय या झाडाची लागवड गुन्हा आहे, मग बी आलं कुठून, हे विचारणं त्याचं कामच आहे. पुरवठादाराचं पक्कं बिल, त्यावर त्याचा एफएसएसएआय क्रमांक, आणि माल देशातला असेल तर लागवडीच्या परवानगीची प्रत, आयात असेल तर आयातीचे कागद, हे खरेदीच्या दिवशीच मागून घ्या. नंतर तो फोन उचलत नाही. उत्सवात पोत्यातून सुटं विकत घेतलेलं बी कितीही चांगलं असो, कागदाविना ते तुमच्या गळ्यात येईल.

लेबल

हिरव्या पानाचा लोगो काढा. पॅकवर बियाशिवाय झाडाचा कुठलाही भाग दाखवायचा नाही, नशेचा नुसता सूचक उल्लेखही नको, सीबीडीच्या फायद्याचा दावा नको. ‘झोप लागते’, ‘ताण जातो’ असं लिहिलंत की पदार्थ अन्नाच्या रकान्यातून उठतो आणि पूरक आहार किंवा औषधाकडे जातो. मग अधिकारी चुकीच्या प्रकारात अर्ज केला म्हणून परत पाठवणार. त्याचं चुकत नाही. डिझायनरला आगाऊ पैसे देऊन हजार पाकिटं छापून बसलेल्यांची मात्र कीव येते. आधी लेबलचा मसुदा, मग छपाई.

बाकीचे कागद आणि दिवसांची मोजणी

अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर. छोट्या उलाढालीला रजिस्ट्रेशन पुरतं: फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. उलाढाल त्याहून मोठी असेल तर राज्याचं लायसन्स लागतं, तेव्हा जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा रिपोर्ट, अन्नसुरक्षा आराखडा. मर्यादा आणि फी बदलत असते, अर्जाच्या दिवशी पोर्टलवर पाहा. नाव आधारवर आणि भाडेकरारावर एकसारखं असू द्या.

आता ६० दिवस. दोन महिन्यांत लायसन्स आलं नाही तर धंदा सुरू करता येतो, हे खरं आहे. पण ते दिवस परिपूर्ण अर्जापासून मोजतात. तुम्ही पहिल्यांदा बटण दाबलं तो दिवस धरून, मध्ये त्रुटी निघालेली असताना, उत्पादन सुरू केलंत तर ते विनापरवाना धरलं जाईल. रजिस्ट्रेशनचे ७ दिवस वेगळे; दोन्हींची गल्लत करू नका.

त्रुटी निघाली की उत्तराला ३० दिवस मिळतात. ती सूचना पोर्टलच्या खात्यात येते, आणि खातं उघडलेलं असतं सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर. महिना उलटतो, अर्ज आपोआप नामंजूर, फी गेली. ईमेल आणि मोबाईल स्वतःचाच द्या, आठवड्याला एकदा लॉगिन करून पाहा. लायसन्स मिळाल्यावरही उत्पादकाला दर सहा महिन्यांनी तपासणी करून रिपोर्ट चढवायचा असतो, तेव्हा त्याच लॅबशी संबंध ठेवा.

लायसन्स नाकारताना अधिकाऱ्याने कारण लेखी द्यायचं असतं आणि त्याआधी तुमचं म्हणणं ऐकायचं असतं. ‘हेम्प म्हणजे गांजा, होणार नाही’ असं तोंडी सांगून कोणी परत पाठवत असेल तर भांडू नका. २०२१ च्या अधिसूचनेची प्रत पुढे ठेवा आणि नकार लेखी मागा. लेखी नकारावर राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येतं. तोंडी नकारावर काहीच करता येत नाही.