आर्क्टिकमधील वाहते बोये व वरच्या थराचे तापमानमापन

आर्क्टिक महासागराच्या वरच्या पन्नास-साठ मीटर पाण्याचे तापमान मोजण्यासाठी वारा व प्रवाह नेतील तिकडे जाणारे बोये, म्हणजे तरंगती मापनयंत्रे, वापरतात. बोया उघड्या पाण्यात सोडतात किंवा बर्फाला भोक पाडून बसवतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘अपटेम्पो’ प्रकारच्या बोयाखाली २५ किंवा ६० मी. लांबीची केबल लोंबते. तिच्यावर ठरावीक खोलींवर थर्मिस्टर, म्हणजे तापमानाबरोबर ज्यांचा विद्युत रोध बदलतो असे संवेदक, जडवलेले असतात. मोजमापे आणि बोयाचे स्थान उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येते. बोया सहसा परत आणत नाहीत. बॅटरी संपली किंवा बर्फाने चिरडला की त्याचे काम संपले.

या कामाला एकटा उपग्रह पुरत नाही. त्याला अवरक्त किरणांत पाण्याचा वरचा पापुद्राच दिसतो, तोही आकाश निरभ्र असेल तेव्हा. आर्क्टिकचा उन्हाळा तर बराचसा ढगाळ. शिवाय इथली उष्णता पृष्ठभागावर सापडेलच असे नाही. गोठणबिंदूजवळच्या पाण्याची घनता तापमानापेक्षा लवणतेवर ठरते. त्यामुळे थंड, कमी खारट पाण्याखाली उबदार पण जास्त खारट पाणी निवांत राहू शकते. अलास्का व कॅनडाच्या उत्तरेकडील खोल समुद्रात, म्हणजे कॅनडा खोऱ्यात, साधारण २० ते ३५ मी. खोलीवर असा थर आढळतो. बर्फावरचा हिम बहुतेक सूर्यप्रकाश परतवतो, उघडे पाणी मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक शोषून घेते. उन्हाळ्यात मुरलेली ही उष्णता वर वितळलेल्या बर्फाचे कमी खारट पाणी पसरले की खाली कोंडली जाते. शरदात पृष्ठभागाचा थर्मिस्टर –१.८° से.च्या आसपास, म्हणजे गोठणबिंदूवर, येऊन ठेपतो, पण खालचे काही संवेदक अजून शून्याच्या वर असतात. मग एखादे वादळ पाणी घुसळते, खालचे आकडे उतरतात आणि वर आलेल्या उष्णतेने बर्फ धरायला उशीर होतो. ही घडामोड टिपणे हेच या बोयांचे खरे काम.

याच्याही खाली बेरिंग सामुद्रधुनीतून आलेले पॅसिफिकचे पाणी असते आणि त्याखाली अटलांटिकचे. नॉर्वेचे संशोधक फ्रिडत्यॉफ नान्सेन यांनी १८९३–९६ मध्ये ‘फ्राम’ जहाज बर्फात अडकवून वाहू दिले, तेव्हा अटलांटिकच्या पाण्याचा हा खोलवरचा उबदार थर मोजला गेला होता. छोटी केबल तिथवर पोचत नाही. त्यासाठी अमेरिकेतील वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे बर्फाला टांगलेले यंत्र २००४ पासून वापरात आहे; ते तारेवरून साडेसातशे मीटरपर्यंत वरखाली सरकत तापमान व लवणता मोजते.

आकडे जसेच्या तसे घेऊन चालत नाही. वाऱ्याने बोया वेगाने ओढला की केबल तिरपी होते आणि ६० मीटरवरचा संवेदक प्रत्यक्षात वर उचलला जातो. म्हणून केबलवर दाबमापक बसवतात आणि त्यावरून खोली दुरुस्त करतात. चोवीस तास ऊन असताना बोयाच्या तापलेल्या सांगाड्याजवळचा संवेदक पाण्याचे तापमान जास्त दाखवू शकतो. हिवाळ्यात एखादा संवेदक अचानक उणे वीस सांगू लागला तर तो पाण्यात उरलेला नाही, हे उघड आहे. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे बोया एका जागी थांबत नाही. तापमान चढले तर पाणी तापले, की बोयाच दुसऱ्या पाण्यात शिरला, हे एकट्या बोयावरून सांगता येत नाही. शेजारच्या बोयांच्या आणि जहाजांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात.

आर्क्टिकमधील वाहत्या बोयांचे जाळे १९७९ मध्ये सुरू झाले. १९९१ पासून आंतरराष्ट्रीय आर्क्टिक बोया कार्यक्रम ते चालवतो. बोये हिमभंजक जहाजांवरून, विमानातून किंवा बर्फावरील तळांवरून सोडले जातात. अलास्का व कॅनडाच्या उत्तरेला गोल फिरणाऱ्या ब्यूफोर्ट चक्रप्रवाहात सापडलेला बोया बराच काळ गोल फिरत राहतो. सायबेरियाकडून ध्रुव ओलांडून वाहणाऱ्या प्रवाहातला मात्र ग्रीनलंड व स्वालबार्ड यांमधील फ्राम सामुद्रधुनीतून बाहेर पडतो. सायबेरियाच्या बाजूच्या पाण्यातून बोये असे सतत बाहेर पडत असल्याने तिथे नोंदी विरळ असतात आणि दरवर्षी नवे बोये सोडावे लागतात. तापलेल्या पाण्याचा परिणाम २००७ च्या उन्हाळ्यात ठळक दिसला: ब्यूफोर्ट समुद्रात बर्फाची जाडी मोजणाऱ्या एका बोयाने खालच्या बाजूने दोन मीटरहून अधिक बर्फ वितळल्याची नोंद केली.